बेंजामिन, सियोना

बेंजामिन, सियोना : (जन्म १९६०). भारतात जन्मलेल्या अमेरिकन चित्रकार. निळ्या वर्णाच्या, कधी अनेक हातांच्या, कधी पंखांच्या स्त्रीप्रतिमांसाठी प्रसिद्ध. जन्म मुंबईत, बेने इस्राएल (कोकणातील ज्यू) कुटुंबात. कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत. १९८६ मध्ये अमेरिकेस प्रयाण. तेथे सदर्न इलिनॉय विद्यापीठातून (कार्बनडेल) चित्रकलेची आणि पुढे इलिनॉय विद्यापीठातून (अर्बाना-शँपेन) नेपथ्यकलेची, अशा दोन पदव्युत्तर पदव्या. वास्तव्य न्यू जर्सी राज्यातील माँटक्लेअर येथे.

समाज व वारसा : देवीसारख्या बसलेल्या ज्यू स्त्रीचे चित्र पाहिले की न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला हा दोन दूरच्या संस्कृतींचा मेळ वाटणे साहजिक आहे. कोकणातल्या माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही; हे ज्यू त्याचेच शेजारी. म्हणून या नोंदीत बेने इस्राएल समाजाला थोडी जास्त जागा दिली आहे.

परंपरेनुसार या समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात जोडपी वाचली. हे केव्हा घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. सुचवलेल्या काळांत काही शतकांचे अंतर आहे. वस्ती कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातल्या गावांत पसरली. व्यवसाय तेलाचा. शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यावरून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. बापाचे किंवा आजोबाचे नाव हेच आडनाव म्हणून चालवण्याची पद्धतही या समाजात आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बांधलेले ‘शआर हारहामीम’ हे शहरातले पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ). घरची भाषा मराठी. वधूला मेंदी आणि मंगळसूत्र. एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

चित्रकलेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. ज्यू धर्मात मूर्तिपूजा निषिद्ध. तरी बेने इस्राएल घराच्या भिंतीवर अग्निरथातून स्वर्गी जाणाऱ्या एलियाहू हनाबी या प्रेषिताची छापील तसबीर हमखास आढळते. नवस या एलियाहूलाच बोलतात आणि फेडताना मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गोडी आणि फळे असे ताट मांडून हिब्रू प्रार्थना म्हणतात. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे एका खडकावर त्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. निषेध आणि तसबीर एका घरात नांदण्याची सवय या समाजाला होती, हे ध्यानात घेतले की बेंजामिन यांच्या चित्रांतील देहधारी ज्यू स्त्रिया परक्या वाटत नाहीत.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेली भारतातील संख्या आता चार-पाच हजारांवर आली आहे. तिकडे गेल्यावर विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणाबद्दलच धर्मपीठाने शंका घेतली. बरीच निदर्शने झाली आणि १९६४ मध्ये इस्राएल सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता जाहीर केली. भारतात महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

बालपण : बहुसंख्य हिंदू व मुसलमान शेजार, शाळा एक कॅथलिक, एक पारशी. या मिश्रणाचा उल्लेख चित्रकाराने स्वतः वेळोवेळी केला आहे.

चित्रे : ‘फाइंडिंग होम’ (घराचा शोध) ही क्रमांक दिलेली दीर्घ चित्रमालिका त्यांचे मुख्य काम. माध्यम बहुधा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, आणि त्यावर बावीस कॅरट सोन्याचा वर्ख. कागदावर किंवा लाकडी फळीवर. मोगल व पहाडी लघुचित्रेही वसलीवर, म्हणजे थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर, अपारदर्शक जलरंगांतच रंगवली जात. तेव्हा या माध्यमाची निवड केवळ सोयीची नाही. नक्षीदार हाशिये, सपाट उजळ पार्श्वभूमी, बाजूने दिसणारा चेहरा हे लघुचित्रांतून आले. सोन्यावर बसवलेली स्थिर आकृती बायझंटाइन प्रतिमांतून आली. ज्यू व ख्रिस्ती हस्तलिखितांतील सजावटीचे ऋण आहेच. आणि उरलेला वाटा ‘अमर चित्र कथा’ व अमेरिकन पॉप चित्रकला यांचा. लहानपणी वाचलेली पुस्तके आणि मोठेपणी संग्रहालयात पाहिलेला, कॉमिकच्या शैलीत रंगवणारा पॉप चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांचा मेळ त्यांच्याकडे सहज बसतो.

‘टिक्कुन हा-ओलाम’ (फाइंडिंग होम क्र. ४६, २०००) या चित्रात निळ्या स्त्रीला अनेक हात आहेत आणि त्या हातांचीच मेनोरा, म्हणजे ज्यूंचा शाखादीप, झाली आहे. शीर्षकाचा अर्थ ‘जगाची डागडुजी’. दुर्गेचे हात शस्त्रे घेतात, हे हात दिवे होतात. चित्रकाराने चेहरा स्वतःचा वापरला आहे.

निळ्या रंगाबद्दल सर्वाधिक प्रश्न विचारले जातात. मराठी वाचकाला आधी कृष्ण आठवेल. बेंजामिन मात्र तो आकाशाचा आणि समुद्राचा, सगळीकडचा आणि म्हणून कुठलाच नसलेला रंग सांगतात. अमेरिकेत ज्यू म्हणजे गोरा अशी समजूत असते. तिथे सावळ्या ज्यू बाईने आपली त्वचा गोरी वा सावळी न दाखवता सरळ निळी करून टाकली, यात थोडा खट्याळपणाही आहे. तो समीक्षकांच्या नजरेतून निसटतो.

‘फरिश्ते’ या गटात बायबलमधील स्त्रिया येतात. ज्यू लोककथेत लिलिथ ही आदमची पहिली बायको. बरोबरीचा हक्क मागून निघून गेली आणि पुढे राक्षसीण ठरली. २००५ मधील ‘लिलिथ’मध्ये ती पुरुषांनी प्रार्थनेच्या वेळी घ्यायची शाल (तालित) पांघरून उभी आहे. गळ्यात हाताच्या पंजाचा ताईत, डोळे वर, आणि कॉमिकमधल्यासारख्या फुग्यात हजार वर्षे जपलेल्या सूडाचे उद्गार. तालित बाईने घ्यावी की नाही, यावर ज्यू पंथापंथांत आजही मतभेद आहेत. लिलिथच्या खांद्यावर ती घालणे ही या मालिकेतली सर्वांत धीट गोष्ट होय. फुग्यामुळे चित्र विनोदी होईल अशी भीती वाटते, तसे होत नाही. दुसऱ्या एका चित्रात सारा आणि हागार या बायबलमधील अब्राहामच्या बायका, म्हणजे सवती, एकमेकींना मिठी मारून आहेत. एकीचा वंश ज्यू, दुसरीचा अरब मानला जातो, हे सांगितल्यावर अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

‘द फोर मदर्स हू एंटर्ड पर्देस’ या कामात चार राब्बी (ज्यू धर्मपंडित) ‘पर्देस’मध्ये, म्हणजे गूढ ज्ञानाच्या बागेत, शिरल्याची तालमुद या ज्यू धर्मग्रंथातली कथा उलटवली आहे : येथे सारा, रिबेका, राहेल आणि लेआ या चार आद्यमाता आत जातात. हिब्रूत पर्देस म्हणजे फळबाग. मुंबईच्या बोलीत परदेस म्हणजे काय, हे चित्रकाराला ठाऊक असणारच.

फुलब्राइट प्रकल्प : २०१०–११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या भारतात आल्या. मागे राहिलेल्या बेने इस्राएलांच्या मुलाखती घेतल्या, छायाचित्रे काढली आणि त्या छायाचित्रांवर रंग व वर्ख चढवून ‘फेसेस : वीव्हिंग इंडियन ज्यूइश नॅरेटिव्ह्ज’ ही मालिका केली. ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवली गेली. देवी, देवदूत आणि लिलिथ येथे मागे पडतात. समोर चष्मा लावलेली, साडी नेसलेली ठाण्या-मुंबईची माणसे येतात. दस्तऐवज म्हणून या मालिकेचे मोल ‘फाइंडिंग होम’पेक्षा कमी नाही, असे नोंदकाराचे मत आहे; कलासमीक्षक ते मान्य करतीलच असे नाही. दुसरी फुलब्राइट २०१६–१७ मध्ये इस्राएलसाठी मिळाली. विषय तिकडे गेलेले भारतीय ज्यू, आणि प्रकल्पाच्या नावात मातृभूमीकडून पितृभूमीकडे असा प्रवास.

अलीकडील काम : सीरियातील निर्वासितांवर काही चित्रे.

नेपथ्यकला : पदवीपलीकडे येथे नोंदवण्यासारखे नाही, मात्र चित्रांतील कमानी व पडदे पाहताना त्या शिक्षणाची आठवण ठेवावी.

वर्गीकरण : त्यांना स्त्रीवादी चित्रकार म्हणावे, ज्यू चित्रकार म्हणावे की भारतीय, यावर लेखकांची मते वेगवेगळी आहेत. महाराष्ट्राच्या चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते.

चित्रपट व ग्रंथ : हॅल रिफकेन यांचा ‘ब्लू लाइक मी : द आर्ट ऑफ सियोना बेंजामिन’ (२०१५) हा माहितीपट. ओरी सोल्टेस यांनी संपादित केलेला ‘ग्रोइंग अप ज्यूइश इन इंडिया’ (नियोगी बुक्स, २०२१) हा ग्रंथ भारतातील सिनेगॉग व चालीरीतींपासून सुरू होऊन बेंजामिन यांच्या चित्रांवर येतो. मराठीत स्वतंत्र पुस्तक नाही.