मांडवीकाठचे दोन पूल

पणजी व रायबंदर यांना जोडणारा जांभ्या दगडाचा लांबलचक पूल १६३३-३४ साली पोर्तुगीज अमदानीत बांधला गेला. आजही त्यावरून वाहने जातात. त्याच्याजवळच १९७० च्या सुमारास मांडवीवर काँक्रीटचा पूल उभा राहिला. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि लोकांना पुन्हा फेरीबोटीची वाट धरावी लागली.

मग जुनी विद्याच श्रेष्ठ म्हणावी काय? तसे नव्हे. दगडी पुलाच्या पोटात पोलाद नव्हते, म्हणून गंजण्यासारखे काही नव्हते. परंतु लांब गाळा पेलण्याचे सामर्थ्यही त्यात नव्हते. ते पोलादाने दिले. काँक्रीटमधील अल्कामुळे पोलादावर सूक्ष्म संरक्षक थर धरतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड आत झिरपले की तो भंगतो; वाढणारा गंज काँक्रीटला आतून फोडतो. मांडवीवर ताण दिलेल्या तारांनाच गंजाने ग्रासले होते.

घट्ट काँक्रीट, सळ्यांवर पुरेसे आच्छादन, तारांच्या नळ्यांत सिमेंटचा पूर्ण भरणा आणि नियमित तपासणी, हे उपाय साधेच आहेत. सामर्थ्य पोलादाचे असले, तरी आयुष्य निगराणीचे असते.