कोर्लई : किल्ला आणि गांव

किल्ल्याचा इतिहास सांगतांना आपण बहुधा शेवटच्या वेढ्याशीं थांबतों. निशाण उतरलें, शिबंदी निघून गेली, कीं लेखणी दुसऱ्या गडाकडे वळते. परंतु पायथ्याशीं जीं माणसें मागें राहतात, त्यांचें पुढें काय होतें? हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. रायगड जिल्ह्यांतील कोर्लई गांव त्याचें एक उत्तर आहे.

कुंडलिकेच्या मुखाशीं, रेवदंड्यासमोर, समुद्रांत शिरलेल्या डोंगरावर हा किल्ला आहे. एका तीरावर पोर्तुगीज, दुसऱ्यावर निजामशाही, अशी ही सरहद्द होती. १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं हा डोंगर जिंकला व तो त्यांच्या चौलच्या ठाण्याचा पहारेकरी झाला. पुढें मराठ्यांच्या मोहिमेपुढें टिकाव न लागून १७४० च्या तहानें त्यांनीं हीं ठाणीं सोडलीं. धनी गेले, ख्रिस्ती रयत मात्र तेथेंच राहिली.

धर्मामुळें ती शेजारच्या गांवांहून वेगळी पडली आणि पोर्तुगीजांशीं तिचा संबंधहि तुटला. म्हणूनच शिपाई व स्थानिक लोक यांच्या सहवासांतून जन्मलेली बोली तिच्या घरांत टिकून राहिली. गांवकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. तिच्यांतील बहुतेक शब्द पोर्तुगीज; पण पोर्तुगीजांत क्रियापद कर्माच्या आधीं येतें, तें येथें मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं जातें. शेजाऱ्याचा संस्कार याहून खोल तो कोणता असावा?

ही बोली बोलणारे आज सुमारे एक हजारच आहेत. शिक्षण व नोकरी यांचा ओढा मराठीकडे आहे, आणि तो स्वाभाविकहि आहे. त्यांत दोष कोणाचाच नाहीं. तरी हानि ती हानिच.

हें आम्ही उल्हासनगरच्या दोन नंबरच्या कॅम्पांत बसून लिहीत आहों. ही वस्तीहि लष्करी छावणीवरच उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धांतील बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबें आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला आजचें नांव मिळालें. सैनिक केव्हांच गेले, ‘कॅम्प’ हा शब्द राहिला. घरांतली सिंधी नातवंडांच्या तोंडीं किती उरेल, ही चिंता येथेंहि आहे. म्हणून कोर्लई आम्हांस दूरची वाटत नाहीं.

तो किल्ला पाहावयास जाणाऱ्या वाचकांनीं तट व तोफा अवश्य पाहाव्या. पण उतरतांना गांवांतहि घटकाभर थांबावें.