ग्रँट, बड
(२० मे १९२७ – ११ मार्च २०२३). अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल व बेसबॉल या तिन्ही खेळांत चमकलेले अमेरिकी खेळाडू आणि व्यावसायिक फुटबॉल प्रशिक्षक. पूर्ण नाव हॅरी पीटर ग्रँट (धाकटे). कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांच्या फुटबॉल सन्मानदालनांत निवड झालेले ते पहिले प्रशिक्षक होत. प्रस्तुत नोंदीत फुटबॉल हा शब्द उत्तर अमेरिकेत हाताने चेंडू फेकून, झेलून व घेऊन धावत खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी वापरला आहे.

त्यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरियर या बंदराच्या गावी झाला. वडील अग्निशमन दलात नोकरीला होते. लहानपणी पोलिओ झाल्यावर, पायांत बळ यावे म्हणून डॉक्टरांनी मुलाला खेळात घालण्याचा सल्ला दिला. शालेय वयातच त्यांनी तिन्ही खेळांत नाव मिळवले. १९४५ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि इलिनॉयमधील ग्रेट लेक्स प्रशिक्षण केंद्राच्या संघात पॉल ब्राउन या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली फुटबॉल खेळले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे फुटबॉल, बास्केटबॉल व बेसबॉल मिळून नऊ वेळा त्यांना विद्यापीठाचे क्रीडा मानचिन्ह मिळाले.

व्यावसायिक कारकीर्दीची सुरुवात मात्र बास्केटबॉलने झाली. मिनिआपोलिस लेकर्स संघात ते १९४९ ते १९५१ या काळात राखीव खेळाडू होते. नामवंत खेळाडू जॉर्ज मायकन यांच्या या संघाने १९५० चे एनबीए (राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्स या फुटबॉल संघाने पहिल्याच फेरीत त्यांची निवड केली होती. १९५१ च्या हंगामात ते ईगल्सच्या बचावफळीत खेळले. पुढच्या वर्षी त्यांना आक्रमणात चेंडू झेलण्याचे काम मिळाले आणि त्यांनी ५६ झेलांत ९९७ यार्डांची मजल मारली. मानधनावरून मतभेद झाल्याने १९५३ मध्ये ते कॅनडातील विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडे गेले. त्याच वर्षी एका बाद सामन्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले पाच चेंडू मधल्यामध्ये झेलून विक्रम केला.

१९५७ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ब्लू बॉम्बर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. कॅनडातील खेळ अमेरिकेतल्यापेक्षा वेगळा : मैदान ११० यार्डांचे, खेळाडू बारा आणि दहा यार्ड सरकण्यासाठी तीनच प्रयत्न, अमेरिकेत हेच आकडे १००, अकरा व चार असे आहेत. ग्रँट यांच्या दहा वर्षांत संघ सहा वेळा कॅनडाच्या विजेतेपदासाठीच्या ग्रे चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. सहाही वेळा समोर हॅमिल्टन टायगर-कॅट्स होते. त्यांपैकी १९५८, १९५९, १९६१ व १९६२ चे चषक विनिपेगने जिंकले. १९६२ चा टोरांटोतील सामना दाट धुक्यामुळे मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुरा करावा लागला. विनिपेगने तो २८–२७ असा एका गुणाने जिंकला.

१९६७ मध्ये ते मिनेसोटा व्हायकिंग्जचे प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात केवळ तीन विजय मिळाले. पण दुसऱ्याच वर्षी संघाने गटविजेतेपद मिळवले. ॲलन पेज, कार्ल एलर, जिम मार्शल व गॅरी लार्सन यांची बचावफळी हे संघाचे बळ होते. ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर, हाडे गोठवणाऱ्या थंडीतही, खेळाडूंच्या बाकांजवळ शेगड्या ठेवायच्या नाहीत हा ग्रँट यांचा दंडक होता. ऊब शोधणाऱ्याचे लक्ष खेळावर राहत नाही, असे त्यांचे मत होते. राष्ट्रगीताच्या वेळी सरळ रांगेत कसे उभे राहायचे, याचाही ते सराव करून घेत. सामन्यात काहीही घडले तरी त्यांचा चेहरा निर्विकार असे. आरडाओरडा करण्यापेक्षा चुका कमी करण्यावर त्यांचा भर होता.

अठरा हंगामांत व्हायकिंग्जने अकरा गटविजेतीपदे मिळवली. १९६९ च्या हंगामाचे एनएफएल (राष्ट्रीय फुटबॉल लीग) विजेतेपदही त्यांनी जिंकले. मात्र त्यापुढच्या सुपर बोल या निर्णायक अंतिम सामन्यात कॅन्सस सिटी (१९७०), मायॅमी (१९७४), पिट्सबर्ग (१९७५) व ओकलंड (१९७७) यांच्याकडून संघ चारही वेळा हरला. १९८३ च्या हंगामानंतर ग्रँट निवृत्त झाले. पण पुढच्या वर्षी संघाची घसरगुंडी झाल्याने १९८५ मध्ये एका हंगामापुरते परतले. एनएफएलच्या नियमित सामन्यांत त्यांच्या खात्यावर १५८ विजय, ९६ पराभव व ५ बरोबरी अशी नोंद आहे. कॅनडातील नियमित विजय १०२.

शिकार व मासेमारी हे त्यांचे आयुष्यभराचे छंद. १९९० च्या दशकात मिल लॅक्स सरोवर परिसरात ओजिब्वे या मूलनिवासी समाजाला करारान्वये मिळालेल्या शिकार-मासेमारीच्या हक्कांना त्यांनी जाहीर विरोध केला आणि त्यावरून ते वादात सापडले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओजिब्वेंचे हक्क मान्य केले.

कॅनडाच्या सन्मानदालनात त्यांची १९८३ मध्ये, तर अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल सन्मानदालनात १९९४ मध्ये निवड झाली. विनिपेगच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. जानेवारी २०१६ मध्ये, शून्याखाली सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमानात, ८८ वर्षांचे ग्रँट व्हायकिंग्जच्या एका सामन्यापूर्वी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात नाणेफेकीसाठी मैदानात आले होते. ब्लूमिंग्टन येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.