चालती तोफ

वर्गात पानिपत शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास यायचा. “सर, आपल्याकडे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या ना, मग आपण हरलो कसे?” कारणे पुष्कळ होती. पण त्यातले एक मी मुलांना आवर्जून सांगायचो. आपल्या तोफा जड, बैलांनी ओढायच्या. लढाई पुढे सरकली की तोफा मागे राहायच्या. अब्दालीच्या जंबुरका मात्र उंटाच्या पाठीवर होत्या. गोळा लहान, पण उंट जाईल तिथे तोफ जाईल. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी चालत्या तोफेचे मोल आपल्याला फार महागात कळले.

त्या उंटाची आजची पिढी म्हणजे लष्करात ‘के-९ वज्र’ नावाने आलेली तोफ. वर्तमानपत्रे तिला स्वयंचलित तोफ म्हणतात. लांबून पाहिले तर रणगाडाच वाटावा, पण काम वेगळे. रणगाडा समोर दिसणाऱ्या शत्रूशी भिडतो. ही मैलोगणती मागे राहून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करते. वजन ४७ टन, इंजिन १००० अश्वशक्तीचे, आत ५ माणसे आणि ४८ गोळे. नळीचा व्यास १५५ मिलिमीटर. खास गोळा वापरला तर पल्ला ४० किलोमीटरच्या घरात जातो. आपल्या हिशेबात सांगायचे तर बेळगावच्या किल्ल्यातून सुटलेला गोळा चंदगडापर्यंत पोचेल!

एवढ्या अवजड यंत्राला पळायची गरज काय? गरज आहे, आणि ती रडारमुळे. हल्ली गोळा हवेत असतानाच शत्रूचे रडार त्याची वाट मोजते आणि तो कुठून सुटला ते शोधून काढते. मग उलट मारा यायला फार वेळ लागत नाही. म्हणून चालती तोफ थांबते, अर्ध्या-एक मिनिटात पहिला गोळा सोडते, १५ सेकंदांत ३ गोळे टाकू शकते आणि जागा सोडते. मारा करून निसटण्याची ही युक्ती मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको.

ही तोफ जन्मली दक्षिण कोरियात. त्यांची राजधानी सोल उत्तर कोरियाच्या सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, आणि सीमेपलीकडे उत्तरेच्या तोफांची रांग. १९८९ मध्ये काम सुरू झाले आणि १९९९ मध्ये तोफ सैन्यात आली. तिची परीक्षा झाली २३ नोव्हेंबर २०१० रोजी. उत्तर कोरियाने योनप्योंग बेटावर अचानक गोळे टाकले. बेटावर ६ के-९ होत्या, पण सुरुवातीला त्यांतल्या ३ च उत्तर देऊ शकल्या. बाकीच्या बंद पडल्या होत्या. दक्षिणेने ८० गोळे सोडले. दोन सैनिक आणि दोन नागरिक प्राणाला मुकले. कागदावरचे आकडे आणि रणांगण यांत किती अंतर असते, ते त्या दुपारी दिसले.

तिचा गोतावळाही मोठा. के-१० ही तिची दारूगोळ्याची गाडी. मागून येऊन जोडली जाते आणि पट्ट्यावरून गोळे आत सरकवते, म्हणजे माणसांना उघड्यावर यावे लागत नाही. तुर्कस्तानात तिचे नाव फर्तना, म्हणजे वादळ. फिनलंडमध्ये मोउकारी, म्हणजे घण. नॉर्वेने एका जुन्या देवाचे, विदारचे, नाव दिले. पोलंडच्या ‘क्राब’चा म्हणजे खेकड्याचा सांगाडा कोरियन, तर वरचा बुरूज ब्रिटिश घडणीचा. हेच खेकडे २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात उतरले.

आपल्याकडेही चालत्या तोफा पूर्वी होत्या. ब्रिटिश बनावटीची १०५ मिलिमीटरची ॲबट होती. पुढे विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावर १३० मिलिमीटरची रशियन तोफ बसवून ‘कॅटापुल्ट’ तयार केली. १९८६ मध्ये ४१० बोफोर्सचा करार झाला, पण ती मुख्यतः ओढून न्यायची तोफ. कारगिलमध्ये १९९९ साली तिने पराक्रम केला. मात्र तिच्या व्यवहाराचे जे वादळ १९८७ मध्ये उठले, त्यानंतर नव्या तोफेच्या कागदावर सही करायला कुणाचा हात धजेना. एका घोटाळ्याची किंमत तोफखान्याने तीस वर्षे मोजली. अखेर मे २०१७ मध्ये १०० वज्रांचा करार झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत त्या दाखल झाल्या. पहिल्या १० कोरियातून आल्या, बाकीच्या लार्सन अँड टुब्रोने सुरतेजवळ हजिऱ्याला घडवल्या. शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते रवाना झाली. वाळवंटासाठी घेतलेली ही तोफ त्याच वर्षी लडाखच्या थंडीतही नेली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ७,६२८ कोटींचा, आणखी तोफांचा करार झाला.

नाव वज्र. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या तेव्हा इंद्राचे वज्र घडले, अशी कथा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शहरात राहणाऱ्यांना तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कुणाच्या तरी घरची हाडे दिल्याशिवाय शस्त्राला धार येत नाही.

कोरियाचा नकाशा पाहताना मला नेहमी आपला सीमाभाग आठवतो. तिथे एक भाषा, एकच आडनावे, एकाच पंक्तीतले जेवण, आणि मध्ये तोफा. इथे भाषा दोन, आणि त्यांच्यातला वाद साठ वर्षांहून जुना. मोर्चे झाले, लाठ्या खाल्ल्या, हुतात्मेही झाले. तरी बेळगावहून चंदगडला जाणाऱ्या एसटीत कानडी आणि मराठी माणसे एकाच बाकावर बसतात. तोफेचा पल्ला ४० किलोमीटर असेल, पण आपल्या दोघांमध्ये ती कधी उभी राहिली नाही. या दिवाळीत पणती लावताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.