डोहांवरचा हक्क : वाशीम जिल्ह्यातील नदीमासेमारीचा मागोवा

वाशीम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील पठारी भागात वसलेला असून तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांचा जलविभाजक, म्हणजे पावसाचे पाणी दोन दिशांना वाटून देणारी उंच भूमी, याच जिल्ह्यातून जातो. काटेपूर्णा येथून उत्तरेकडे वाहत पूर्णेला आणि पूर्णेवाटे तापीला मिळते, तर अडाण, अरुणावती आणि पूस या नद्यांचे पाणी पैनगंगेच्या वाटेने अखेर गोदावरीत जाते. उगमाजवळच्या नद्या असल्यामुळे त्यांचे पात्र लहान आहे, पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांची धार तुटते. धार तुटल्यावर उरतात ते डोह, म्हणजे पात्रातील खोल व सहसा न आटणारे पाणसाठे. या भागातील मासेमारीचा इतिहास हा मुख्यतः या डोहांचा आणि त्यांवर चालत आलेल्या, पण कोणत्याही दप्तरात न नोंदलेल्या हक्काचा इतिहास आहे.

हा व्यवसाय प्रामुख्याने भोई समाजाचा. गावगाड्यातील बारा बलुतेदारांच्या रूढ यादीत भोयांचा समावेश होत नसे. त्यामुळे खळ्यावरच्या धान्यात त्यांना ठरलेला वाटा नव्हता आणि हंगामागणिक काम बदलणे त्यांना भागच होते. पालखी-मेणा वाहणे, पुराच्या दिवसांत माणसे पैलतीरी उतरवणे, तळ्यात शिंगाड्याचे पीक घेणे, चणे-फुटाणे भाजून विकणे, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज व डांगराच्या वाड्या लावणे ही सर्व कामे मासेमारीला जोडूनच होती. रस्ते व रेल्वे झाल्यावर पालखी गेली, पूल झाल्यावर उताराची होडी गेली, आणि एका व्यवसायाचे खांब एकेक करून काढले जावेत तसा सारा भार शेवटी जाळ्यावर येऊन पडला. जंगलाच्या कडेच्या गावांतील आंध आदिवासीही मासे धरत, मात्र त्यांची मासेमारी विक्रीपेक्षा घरच्या कालवणापुरती अधिक होती.

मासेमारीचे वर्ष मृगाच्या पावसापासून सुरू होई. पहिल्या पुरात अंडी घालण्यासाठी मासे ओढ्यानाल्यांतून वरच्या दिशेला चढत. या चढणीच्या माशांच्या वाटेवर बांबूच्या काड्यांचे सापळे लावले जात. पाणी निवळल्यावर फेकजाळ्याचे दिवस येत. हे जाळे शंकूच्या आकाराचे असते, त्याच्या खालच्या घेराला वजनासाठी शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात आणि टोकाची दोरी मनगटाला बांधलेली असते. जाळ्याची घडी खांद्यावर व कोपरावर नीट मांडून, कंबरेतून वळून ते असे फेकावे लागते की पाण्याला टेकण्यापूर्वी त्याचा पूर्ण गोल उघडला पाहिजे. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवली जात. फाल्गुन-चैत्रात मासेमारी डोहांवर येई आणि मरळ, वाम, झिंगे हाती लागत. या दिवसांत हिंगणबेट किंवा गेळ्याची फळे ठेचून पाण्यात कालवण्याची आणि गुंगलेले मासे वेचण्याची पद्धतही होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण त्यात लहानमोठे सगळेच मासे सापडतात. मात्र ठेचलेल्या फळाचा परिणाम लहानशा डबक्यापुरता राहतो आणि नवे पाणी येताच ओसरतो, तर सुरुंगाच्या दारूने आणि शेतीच्या कीटकनाशकाने पुढे जो विध्वंस केला त्याची तुलना या पद्धतीशी होऊ शकत नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. नव्या महसुली व्यवस्थेचे लक्ष कापसावर होते, तर १८८६ च्या वऱ्हाड वन कायद्याने जंगलांची वर्गवारी केली. इमारती लाकूड, गवत आणि चराई यांना त्या वर्गवारीत जागा मिळाली, डोहाला मिळाली नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास बंदी केली, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ ने राखीव जंगलात नियमांविरुद्ध मासे धरणे हा शिकारीच्या बरोबरीने गुन्हा ठरवला. या काळातील कायद्यांत मासे धरणारा दिसतो तो गुन्ह्याच्या संदर्भात, हक्कदार म्हणून नव्हे. या जिल्ह्याला तर स्वतःचे दप्तरही सलग लाभले नाही. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला.

स्वातंत्र्यानंतर मासेमारी नदीतून तलावात गेली. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून रोहू, कटला व मृगळ यांचे बीज हुकमी मिळण्याचा मार्ग खुला झाला आणि धरणांच्या जलाशयांत ते सोडून सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत रुजली. संस्थेचा सभासद झालेल्या भोयाला त्याचा लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु ठेका जलाशयाचा असतो, नदीचा नसतो, आणि बांधाने चढणीच्या माशांची वाट अडल्यावर वरच्या गावांच्या हाती पूर्वीचे मासे राहिले नाहीत. काटेपूर्णेवर अकोला जिल्ह्यात महान येथे धरण झाले आणि १९८८ मध्ये त्याच्या परिसरातील, वाशीम जिल्ह्याच्या सीमेला भिडलेले जंगल काटेपूर्णा अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ व्याख्येत मासा वन्यजीवांत मोडत होता, त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून टाकलेले जाळे हा नुसता नियमभंग राहिला नाही. चौसिंग्यासारख्या प्राण्यासाठी हे संरक्षण आवश्यकच आहे. अन्याय संरक्षणात नाही, तर हद्द आखताना डोहाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या घरांची गणती न होण्यात आहे.

ही उणीव भरून काढण्याची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पादने वापरण्याचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला असून अभयारण्येही या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत. मात्र अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना, आणि बहुतांश भोई याच वर्गात येतात, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही त्यांना ही अट जड जाते. परंतु २००८ च्या नियमांतील नियम १३ नुसार गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून चालते. कोणता डोह कोणत्या नावाने ओळखला जाई, तेथे कोण जाळे टाकी आणि कोणत्या महिन्यात, हे सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. काटेपूर्णा, अडाण आणि पैनगंगेच्या काठच्या ग्रामसभांनी ही निवेदने विनाविलंब लिहून घेतली पाहिजेत.