खिन्नतेचा आजार : एक की अनेक?

श्रोतेहो, ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस अंथरूण सोडीनासा होतो. अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, पोरांशी बोलवत नाही. आपण म्हणतो, “आळस भरलाय,” नाहीतर, “बाहेरचं काही झालंय.” पण हा आजार आहे, आणि त्याचे प्रकार ओळखायला माणसाला दोन हजारांवर वर्षे लागली.

प्राचीन ग्रीक वैद्य म्हणत, अंगात काळे पित्त वाढले की मन खिन्न होते. कारण चुकले होते. पण हा देवाचा कोप नव्हे, एवढे त्यांनी ओळखले होते. आपल्या चरकसंहितेनेही रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिले आहे.

पुढे १८५४ साली पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्झे या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की काही रोग्यांत खिन्नता आणि उन्माद आळीपाळीने येतात. तिथेच १८५८ मध्ये मार्से यांनी बाळंतिणींच्या मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. १८९९ मध्ये जर्मनीच्या क्रेपेलिन यांनी खिन्नता आणि उन्माद एकाच रोगात गोवले. १९५७ मध्ये लिओनहार्ड यांनी ते पुन्हा निराळे केले : नुसती खिन्नता येते तो एक, खिन्नता आणि उन्माद दोन्ही येतात तो दुसरा.

तुम्ही म्हणाल, या नावांशी आम्हांला काय करायचंय? सांगतो. नुसत्या खिन्नतेवरचे औषध दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला एकटेच दिले, तर तो उन्मादाकडे झुकू शकतो. त्याला बहुधा लिथियमसारखे औषध लागते. त्याचा गुण ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला. म्हणून डॉक्टर विचारतात, “पूर्वी कधी झोपेवाचून दिवस काढले? पैसा उधळला? अखंड बडबड केली?” रोग्याला हे आठवत नाही किंवा सांगवत नाही. घरच्यांनी लाज न धरता सांगावे.

आणखी एक प्रकार आहे : वर्षानुवर्षे कसरीसारखी रेंगाळणारी सौम्य खिन्नता. तिला लोक स्वभावच समजतात.

तेव्हा गुरुजनहो, हसरे पोर दोन आठवडे गप्प राहिले, तर छडी नको, विचारपूस करा. कुणी मरणाची भाषा बोलला, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मोडलेल्या हाताला आपण “उगाच दुखवून घेतोस” म्हणत नाही; मनालाही म्हणू नये.