अडीच सुताची गोष्ट

मागच्या महिन्यात एका बोल्टने माझी चांगलीच जिरवली. इंजिनियरिंगची डिग्री, दिवसभर कॉम्प्युटरसमोर मोठमोठ्या सिस्टिम्सच्या गप्पा, आणि घाम फोडला कुणी? तर बोटाच्या पेराएवढ्या लोखंडाने!

त्याचं झालं असं. बाबांची १९७८ सालची बुलेट त्यांच्यामागे दोन वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. दर शनिवार-रविवारी थोडं थोडं काम करत शेवटी ती सुरू केली. आवाज ऐकून आई खाली आली आणि म्हणाली, "एकदा नारायणपूरला घेऊन चल, पूर्वीसारखं." पूर्वीसारखं म्हणजे साडी नेसून, एका बाजूला पाय टाकून. पण पाय ठेवायच्या फूटरेस्टचं ब्रॅकेट कधीचंच तुटलं होतं आणि बाजारातलं तयार फूटरेस्ट या फ्रेमवर बसेना. म्हटलं, बनवून घेऊ. त्यात काय एवढं?

कॅडमध्ये झकास ड्रॉइंग काढलं. पाच मिलिमीटरची पट्टी, नव्वद अंशांचा बाक, दोन भोकं, आठ मिलिमीटरचे बोल्ट. खात्री करावी म्हणून फ्रेमच्या भोकात एक बोल्ट फिरवून पाहिला. दोन आटे सुरळीत गेला आणि अडकला. गंजलं असेल म्हणून जोर लावला. कुर्रर्र आवाज आला आणि चकचकीत कीस बाहेर पडला. पोटात गोळाच आला.

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या काकांनी भोकात बॅटरी मारली, आटे मोजायचा गेज लावला आणि म्हणाले, "साहेब, हे अडीच सुती आहे. तुम्ही एम-एट घुसवत होता."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठला इतकं जवळ की कुणीही फसावं. पण या आट्यांची चाल वेगळी. इथे इंचाला बावीस आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.१५ मिलिमीटर. माझ्या बोल्टचं १.२५. आट्यामागे दशांश मिलिमीटरचा फरक, पाच आट्यांत अर्धा मिलिमीटर. त्यात आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. कसं जमणार?

आता हे ५५ अंश आले कुठून? थेट १८४१ सालच्या इंग्लंडमधून. त्याआधी ज्या त्या कारखान्याचे आटे त्याचे त्याचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसलाच तर नशीब. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनियरने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि चक्क सरासरी काढली. कोन आला ५५ अंश. नवीन काही शोधण्यापेक्षा लोक जे करतात त्याचा मध्य काढायचा, म्हणून ते रुजलं. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने ६० अंश सुचवले, कारण तो कोन कापायला आणि तपासायला सोपा. झालं, दोन घराणी तयार झाली! दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांना एकमेकांचे सुटे भाग चालेनात, तेव्हा कुठे १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एका ६० अंशी आट्यावर सह्या केल्या.

आपल्याकडची गंमत पुढेच आहे. १९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया काढली. बुलेट आली ती आपले इंच आणि आपले आटे घेऊनच. आणि पुढच्याच वर्षी, १९५६ साली, आपल्या संसदेने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला! किलो आणि मीटर १९५८ पासून हळूहळू लागू झाले. पण कारखान्यातल्या डाय, टॅप, जिग एका कायद्याने थोडेच बदलतात? पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, ब्रिटनही मेट्रिककडे वळलं, आणि १९७८ सालच्या बाबांच्या बुलेटच्या फ्रेमवर मात्र इंचच. याउलट जावा झेकोस्लोव्हाकियातून आली, त्यामुळे ती पहिल्यापासून मेट्रिक.

ज्यांनी कधी जुन्या कोडला हात लावलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मूळ लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो, पण त्याने घेतलेला एक निर्णय सगळ्यांना पुरून उरतो. आणि आपण "जवळपास तसंच आहे" म्हणून जोर लावतो.

असो. काकांनी बरोबर मापाचा टॅप हळूहळू फिरवून आटे साफ केले. दोनच आटे गेले होते, बाकीचे वाचले. माझं ड्रॉइंग बघून म्हणाले, "हा कोपरा इतका धारदार नको, इथूनच चीर जाईल." जुना तुकडा काढून पाहिला. अगदी तिथेच तुटला होता! मग त्यांनी गोलाई ठेवून बाक दिला आणि आतून एक तिकोनी पट्टी वेल्ड केली. बोल्ट एका जुन्या डब्यातून निघाले.

घरी येऊन आवळायला बसलो, तर तेराचा पाना जाईना आणि चौदाचा घसरे. तेव्हा आठवलं. भंगारात द्यायच्या पिशवीत बाबांचे काही पाने होते. कशालाच लागत नाहीत म्हणून मीच बाजूला काढलेले. एकावर "१/४ डब्ल्यू" कोरलं होतं. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या डोक्याचं नाही, दांड्याचं माप असतं, आणि बारीक आट्याच्या बोल्टचं डोकं एक माप लहान. म्हणजे पाव इंची पाना अडीच सुतीला. लावला. टक्कन बसला.

भंगारवाला त्या रविवारी आला नाही, एवढंच माझं नशीब.

नारायणपूरला जाऊन आलो. परत आल्यावर बोल्ट तपासले, जराही ढिले झाले नव्हते. आईला आट्यांचा हा सगळा इतिहास उत्साहाने सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "पाने पुसून ठेव. ते तेल लावून ठेवायचे."